गाळ आला कुठून?

रात्री भरून ठेवलेल्या हंड्याच्या तळाशी सकाळी तांबूस साका दिसला, की घरात लगेच दोन सूचना येतात. एक, पाणी फडक्यातून गाळून घ्या. दुसरी, फिल्टरवाल्याला बोलवा. दोन्ही हिताच्याच आहेत. पण गाळ कशाचा आहे आणि कुठल्या वाटेने आला हे ठाऊक नसताना केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो. शहरात नळाला गढूळ पाणी आलं तर वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवता येते. परसातली विहीर किंवा अंगणातली बोअर आपली स्वतःची असते, आणि तिच्या पाण्याची, पंपाची, पाइपांची, टाकीची सगळी जबाबदारी घरमालकावर येते. त्यातला बराचसा शोध घरच्या घरी घेता येतो. त्याला चार स्वच्छ पारदर्शक बाटल्या लागतात आणि थोडा धीर लागतो.

आधी ठरवायचं ते एवढंच, की घाण विहिरीतली आहे की वाटेतली. मोटर चालू करून पाणी टाकीत पडण्याआधी, म्हणजे वर चढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, एक बाटली भरून घ्यावी. दुसरी टाकीच्या तळातून निघणाऱ्या पाइपाची, तिसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. चौथी विहिरीत पोहरा सोडून थेट काढलेली. बोअरच्या बाबतीत ही चौथी मिळत नाही. बाटल्यांवर जागा आणि वेळ लिहून त्या ओळीने ओट्यावर ठेवाव्यात. पहिली स्वच्छ आणि दुसरी गढूळ निघाली तर बोअरवाल्याला बोलावण्याआधी टाकीवर चढून बघावं. झाकण फुटलेलं असतं, आत पिंपळाची पानं कुजत असतात आणि तळाशी वर्षानुवर्षांचा चिखल साचलेला असतो. त्याच चिखलात लाल, वळवळणारे, सेंटिमीटरभर लांबीचे किडे सापडतात आणि घरात घबराट उडते. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या त्या अळ्या असतात. त्यांचा लाल रंग त्यांच्या शरीरातल्या हिमोग्लोबिनचा. त्या स्वतः रोग आणत नाहीत, पण टाकीत गाळ आहे आणि टाकी उघडी आहे या दोन्ही गोष्टी त्यांच्यामुळे पक्क्या कळतात.

पहिल्या दोन बाटल्या स्वच्छ आणि नळाची तेवढी गढूळ असेल तर दोष घरातल्या पाइपांचा. जुन्या जीआय पाइपाचा गंज सकाळच्या पहिल्या पाण्याबरोबर येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत पाणी निवळतं. काळे, मऊ, बोटाने चिरडले की शाईसारखे पसरणारे कण झिजलेल्या रबरी वॉशरचे असतात. पांढरे पापुद्रे निघाले तर त्यांवर लिंबू पिळून बघावं. फसफसून विरघळले तर तो जड पाण्यातला चुना, बहुधा गीझरमधून सुटलेला. गंज ओळखायला लोहचुंबक फिरवावं असं अनेक जण सांगतात, पण महाराष्ट्रात त्या चाचणीवर विसंबू नये. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, कोकणातल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूतही असतं. त्यामुळे विहिरीतली साधी रेतीही चुंबकाला लागते आणि पाइप उगाच बदलले जातात.

पहिलीच बाटली गढूळ निघाली, तर गाळ खालून येतो आहे. आता ती बाटली जोरात हलवून खिडकीत ठेवावी आणि घड्याळ बघावं. पाण्यात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, असा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली मांडला. या नियमाने हिशेब केला तर 0.1 मिलिमीटर जाडीचा रेतीचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला दहा-पंधरा सेकंद घेतो. त्याच्या दशांश जाडीच्या कणाला सुमारे वीस मिनिटं लागतात. आणि त्याच्याही दशांश, म्हणजे एक मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीस तासांहून जास्त. म्हणून मिनिटभरात तळाशी बसलं तर ती रेती, जेवण होईपर्यंत निवळलं तर बारीक पोयटा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ तांबडं राहिलं तर चिकणमाती. बसलेला थर बोटांत चोळला तरी फरक कळतो. रेती टोचते, चिकणमाती बोटाला धरून राहते. चिकणमातीचे कण एकमेकांना ढकलणाऱ्या विद्युतभारामुळे तरंगत राहतात, आणि तुरटी तो भार मोडते म्हणून तुरटीने पाणी निवळतं. आपल्याकडे घागरीच्या आतून निवळीचं बी घासायची जुनी रीत होती, तीही याच कामाची.

दोन प्रकार असे आहेत की ते गाळासारखे दिसतात, पण गाळ नसतात. पाणी पांढरं, दुधासारखं आलं आणि बाटलीत खालून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा. कण असते तर ते वरून खाली स्वच्छ झालं असतं. बोअरमध्ये अशी हवा येऊ लागली तर पाण्याची पातळी मोटरपर्यंत उतरल्याची दाट शक्यता असते आणि मोटर जळायच्या आत ती बंद करायला हवी. दुसरा प्रकार लोहाचा. पाणी काढताना काचेसारखं नितळ असतं, तासाभरात पिवळट होतं, दुसऱ्या दिवशी तळाशी तांबडा साका. जमिनीखाली प्राणवायूशिवाय विरघळलेलं लोह हवेशी गाठ पडताच गंजून खाली बसतं. अशा पाण्यात केलेल्या कोऱ्या चहाला काळपट झाक येते, पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग पडतात. फ्लशच्या टाकीत नारिंगी, बुळबुळीत थर धरला असेल तर लोहावर जगणारे जिवाणू आहेत. त्यांचा तवंग पाण्यावर रंगीत दिसतो आणि तेलाचा भास होतो. काडीने डिवचावं. लोहाचा तवंग काचेसारखा फुटून तुकडे तुकडे होतो, तेलाचा लगेच पुन्हा जुळून येतो. तेल निघालं तर जुन्या मोटरचं सील गेलंय का ते बघावं.

गाळ कसा दिसतो यापेक्षा तो कधी येतो याची नोंद मला जास्त मोलाची वाटते. आठवडाभर कॅलेंडरवर लिहिलं तरी पुरतं: मोटर किती वाजता लावली, पाणी कधी गढूळलं, पाऊस होता का. मोटर लावताच दोन-तीन बादल्या गढूळ येऊन मग पाणी स्वच्छ होत असेल, तर पाइपात किंवा केसिंगमध्ये साचलेला गाळ ढवळला जातो आहे. फार काळजी नको. उलट सुरुवातीला स्वच्छ आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर गढूळ होत असेल, तर उपसा झेपत नाही. आपण झऱ्यांच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी ओढतो आहोत.

हे नीट समजण्यासाठी बोअरच्या आत काय असतं ते पाहायला हवं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेल्या काळ्या दगडाचा आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बोअर मारताना वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून केसिंगचा पाइप घालतात आणि तो कठीण दगडात रुतवतात. त्याखाली नुसतं उघडं भोक. पाणी दगडाच्या भेगांतून त्यात उतरतं. दोन लाव्हाथरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा असतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. बोअर या पट्ट्यातून गेली असेल तर पाण्याने ती माती फुगते, सुटते आणि ढासळत राहते. मोटर मोठी असेल तर भेगांतून येणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो आणि तो भेगांमधली बारीक मातीही ओढून आणतो.

एक अश्वशक्तीने भागणाऱ्या घराला तीन अश्वशक्तीची मोटर बसवण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. टाकी दहा मिनिटांत भरली पाहिजे, हा हट्ट त्यामागे असतो. गढूळ बोअरचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. यावरचा पहिला उपाय फुकट आहे: पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून उपसा कमी करावा आणि मोटर एका दमात न चालवता दिवसात दोन-तीनदा थोडी थोडी चालवावी. गढूळपणा थांबला तर रोगाचं निदान झालं. दुसरा उपाय मोटर उचलण्याचा. बोअर मारल्यापासून तळाशी दगडाचा भुगा आणि माती साचत गेलेली असते, आणि मोटर जर जवळजवळ तळाला टेकवलेली असेल तर ती तोच चिखल खेचते. मोटर पाइपभर, म्हणजे वीसेक फूट वर घेतली की पुष्कळदा पाणी स्वच्छ होतं. मात्र उन्हाळ्यातली पातळी त्याच्याही वर राहते ना, याची खात्री करूनच. तरीही गाळ थांबला नाही तर कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून बोअर तळापासून धुऊन काढतात. तांबडी माती ढासळत असेल तर फ्लशिंगनेही काही महिनेच निभतं. तिथे आतून दुसरं, लहान व्यासाचं केसिंग घालून तो पट्टा झाकावा लागतो. आता बोअरमध्ये कॅमेरा सोडून दाखवणारे लोक अनेक शहरांत मिळतात. असल्या मोठ्या खर्चाआधी ते चित्रीकरण करून घ्यावं, ढासळ किती फुटांवर आहे ते डोळ्यांनी दिसतं.

तापी आणि पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यांत, जळगाव, अकोला, बुलडाण्याच्या काही भागांत, हे सगळं वेगळं आहे. तिथे खाली दगडच नाही, खोलवर माती-रेतीचे थर आहेत. तिथल्या ट्यूबवेलला तळापर्यंत पाइप लागतो, पाण्याच्या थरासमोर त्याला बारीक चिरा असतात आणि बाहेरून खडीचा गराडा भरलेला असतो. तिथे अचानक रेती यायला लागली तर चिरा झिजल्या किंवा पाइप फुटला असं धरून चालावं. मोटर उचलून ते दुरुस्त होत नाही.

गाळ येण्याची तिसरी वेळ पावसाची, आणि हीच खरी धोक्याची. एरवी नितळ असलेलं पाणी पहिल्या मोठ्या सरीनंतर काही तासांत गढूळ होत असेल, तर जमिनीवरचं पाणी न गाळता थेट आत शिरतं आहे. मातीबरोबर गोठ्यातलं, शौचालयातलं, रस्त्यावरचं जे काही आहे तेही शिरतं आहे. कावीळ, गॅस्ट्रो, कॉलरा या वाटेने घरात येतात. अशा दिवशी ते पाणी तपासणीचा निकाल येईपर्यंत उकळल्याशिवाय कुणाला प्यायला देऊ नये; लहान मुलांना तर नाहीच.

वाट बहुधा डोळ्यांसमोर असते. बंगल्यांच्या वसाहतीत बोअरचं तोंड पार्किंगच्या फरशीखाली, चेंबरमध्ये दडवलेलं असतं. पावसात चेंबर भरतो आणि केसिंगच्या तोंडावर बसवलेल्या सैल झाकणातून पाणी आत जातं. केसिंग जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचलून, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा करून, तोंड घट्ट बंद केलं की हा प्रश्न संपतो. दुसरी वाट केसिंगच्या खालच्या कडेची. केसिंगचे पैसे फुटावर लागतात, म्हणून कठीण दगड लागण्याआधीच ते थांबवलं जातं आणि मुरमातलं पाणी खालून आत घुसतं. तिसरी वाट आपणच तयार करतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळणी न बसवता थेट बोअरमध्ये सोडलं जातं. पाणी जिरवण्याच्या चांगल्या हेतूने केलेलं हे काम त्या घराच्या पाण्याची नासाडी करतं. गच्चीचं पाणी आधी खडी-वाळूच्या गाळणीतून जायला हवं, आणि पहिल्या पावसाचं पाणी तर बाहेरच सोडून द्यायला हवं.

कोकणात आणि गोव्यात अजून घरोघरी उघडी विहीर आहे, आणि तिथे जांभा दगड ही अडचण आहे. जांभ्यात नळ्यांसारखी पोकळ भोकं असतात. पावसाचं पाणी त्यांतून सरसर उतरतं, मातीत मुरताना गाळलं जातं तसं गाळलं जात नाही. त्यामुळे विहिरीजवळचा शोषखड्डा कोकणात जास्त घातक. एरवी सांगितलं जाणारं 15 मीटरचं किमान अंतर तिथे कमीच समजावं. पाणी कुठून येतं ते पाहायची एक चांगली युक्ती आहे. पाऊस उघडल्यावर दुपारच्या उन्हात काठावर उभं राहून आरशाने सूर्यप्रकाश विहिरीत पाडायचा आणि तो कवडसा भिंतीवरून गोल फिरवत हळूहळू खाली न्यायचा. ओल्या चिऱ्यांच्या सांध्यांतून झिरपणारी तांबडी रेघ, उंबराचं मूळ घुसून पुढे सरकलेला चिरा, कठड्याच्या खालची भेग, सगळं स्पष्ट दिसतं. भिंतीच्या वरच्या भागातली प्रत्येक ओली रेघ म्हणजे बुजवायची जागा. खालचे सांधे मात्र बुजवू नयेत, झरे तिथूनच येतात. धुणीभांडी काठावर होत असतील तर त्या फुटक्या ओट्याची डागडुजी सगळ्यात आधी.

विहिरीचा गाळ काढायची वेळ वैशाखातली, पाणी तळाला गेलेलं असताना. पंप लावून उपसा करतात, दोन गडी खाली उतरून घमेल्यांनी चिखल भरतात आणि वरचे रहाटाने ओढून घेतात. पानांचा काळा, कुजका लगदा आधी निघतो, मग वर्षानुवर्षांत पडलेले पोहरे, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिक, आणि शेवटी करडी रेती. तळाची भेग मोकळी झाली की थंड पाण्याची धार लागते. गाळाने दाबलेला झरा मोकळा झाल्याने पाणीही वाढतं.

पण खाली उतरण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. खोल, बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या किंवा झाकलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. डिझेल पंप आत उतरवला असेल तर कार्बन मोनॉक्साइड येतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा धावतो, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात. पेटता कंदील सोडून बघायची रीत आहे. कंदील विझला तर कुणीही उतरू नये हे नक्की. मात्र तो विझला नाही म्हणजे आत विषारी वायू नाही असं होत नाही. इंजीन काठावरसुद्धा तोंडाजवळ नको, विहिरीत आधी बराच वेळ हवा खेळवायला हवी. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर असावा आणि त्याचं टोक वर तगड्या माणसांच्या हातात असावं.

गाळ काढून झाल्यावर पाण्याचं निर्जंतुकीकरण, आणि क्रम हाच ठेवावा. क्लोरीन मातीवर खर्ची पडतं आणि कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात, म्हणून गढूळ पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून समाधान मानू नये. रोजच्या मात्रेचा हिशेब सोपा आहे: चांगल्या ताज्या पावडरीचे अडीच ग्रॅम हजार लिटरला. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे 14 हजार लिटर, म्हणजे 35 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडून पाणी ढवळायचं. रात्री उपसा संपल्यावर केलं की सकाळपर्यंत पाणी वापराला तयार. साफसफाईनंतरची किंवा पुरानंतरची मात्रा याहून बरीच मोठी असते, ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा आरोग्य सेवकाला विचारून ठरवावी.

फडक्याने गाळण्याला कमी लेखू नये. नारूचा रोग पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवातून पसरत असे आणि तो जीव कापडात अडकतो. गाळून पिण्याची सवय आणि विहिरींची सुधारणा यांच्या जोरावर नारू हटला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. पण काविळीचा विषाणू आणि बहुतेक जिवाणू कापडातून आरामात पलीकडे जातात. नितळ पाणीही त्यामुळे सुरक्षित ठरत नाही. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालतो. आपल्या डोळ्यांना गढूळपणा जाणवायला लागतो तो साधारण 4 च्या पुढे. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नमुना तपासून घ्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली त्यांच्याकडूनच घ्यावी, घरची धुतलेली चालत नाही.

फिल्टर शेवटी. रेतीसाठी शेतातल्या ठिबकवर असतो तसला हायड्रोसायक्लोन किंवा डिस्क फिल्टर, बारीक गाळासाठी पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज, लोहासाठी हवा देऊन गाळणारी यंत्रणा. गढूळ पाण्यावर थेट आरओ बसवू नये, त्याची महागडी पापुद्र्याची गाळणी मातीने लवकर तुंबते.

हे सगळं करताना एक गोष्ट पावलोपावली अडते. केसिंग किती फूट आहे, मोटर कुठे टांगली आहे, तांबडी माती लागली होती का, हे घरात कुणालाच माहीत नसतं. बोअर मारणारी गाडी निघून गेलेली असते, मोटर बसवणारा दुसऱ्या गावचा असतो. नवी बोअर मारत असाल तर गाडी दारातून हलण्याआधी एकूण खोली, केसिंगची लांबी, तांबड्या मातीचा पट्टा आणि पाणी कोणकोणत्या फुटांवर लागलं हे चालकाकडून लिहून घ्या. जुनी असेल तर पुढच्या वेळी मोटर वर काढली की पाइप मोजा. हे आकडे आणि तारीख स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, पक्क्या शाईने लिहून ठेवा.